जकात, दक्षिण कॅरोलायना आणि १८३२ चा पेच: हा विषय नीट कसा अभ्यासायचा

माझा भाचा न्यू जर्सीत अकरावीला आहे, यंदा त्याला अमेरिकेचा इतिहास आहे, त्यामुळे दर रविवारी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर एकेक प्रकरण घेऊन बसतो. आणि मी इकडे कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते, तर दोन्हीकडची मुलं नेमकी एकाच ठिकाणी अडकतात, ते म्हणजे १८२८ ते १८३३ चा जकातीचा वाद, ज्यात दक्षिण कॅरोलायना राज्याने केंद्राचा जकातीचा कायदाच आपल्यापुरता रद्द ठरवला. अडकतात म्हणजे काय, तर "उत्तरेला जकात हवी होती, दक्षिणेला नको होती, दक्षिण राज्यांच्या हक्कांच्या बाजूची होती" एवढं एक वाक्य पाठ करतात आणि थेट यादवी युद्धावर उडी मारतात. त्या वाक्याने मार्क मिळतीलही, पण विषय कळत नाही, आणि मला हा विषय कळावा असं मनापासून वाटतं कारण केंद्र आणि राज्य यांच्यातलं भांडण कसं वाचायचं हे शिकायला याच्याइतकं चांगलं प्रकरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही. तर मी मुलांकडून जे करून घेते ते इथे लिहिते आहे, वही पेन घेऊन बसा.

सगळ्यात आधी जकात हा शब्द नीट करून घ्या. आपल्याकडे जकात म्हटलं की शहराच्या वेशीवरचा जकात नाका आणि ट्रकांची रांग डोळ्यासमोर येते, ते चित्र बाजूला ठेवा. इथली जकात म्हणजे परदेशातून जहाजाने आलेल्या मालावर बंदरात घेतला जाणारा कर, ज्याला टॅरिफ म्हणतात. आणि तेव्हा अमेरिकेत केंद्राचा इन्कम टॅक्स नव्हता हे पक्कं लक्षात ठेवा, केंद्र सरकार चालायचं ते मुख्यतः या जकातीवर आणि थोडंफार सरकारी जमिनी विकून. पहिला जकातीचा कायदा १७८९ चा, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाला त्याच वर्षीचा. म्हणजे दक्षिणेतली माणसं "जकातच नको" म्हणत नव्हती, ते कोणालाच परवडलं नसतं. भांडण होतं जकात कशासाठी यावरून. सरकारचा खर्च भागवायला लावलेली जकात एक, आणि बाहेरचा माल मुद्दाम महाग करून आपल्या गिरण्यांना आडोसा द्यायला लावलेली जकात दुसरी. पहिलीला घटनेत आधार आहे, दुसरीला नाही, असं दक्षिणेचं म्हणणं होतं, आणि पूर्ण कायदेशीर वाद या एका फरकावर उभा आहे.

मग घटनेतल्या चार जागा कागदावर उतरवून समोर ठेवा. पहिल्या कलमाचा आठवा विभाग, जिथे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, जकात बसवायचा अधिकार दिलाय. त्याच कलमाचा नववा विभाग, जिथे निर्यातीवर कर लावायला बंदी आहे (हा विभाग पुढे लागणार आहे, वगळू नका). सहावं कलम, ज्यात केंद्राचे घटनेला धरून केलेले कायदे सर्वोच्च आहेत असं म्हटलंय. आणि १७९१ ची दहावी दुरुस्ती, म्हणजे जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. आता या चारही जागा वाचून एक प्रश्न स्वतःला विचारा की केंद्राचा कायदा घटनेला धरून आहे की नाही हे ठरवायचं कोणी? घटनेत याचं थेट उत्तर एका वाक्यात लिहिलेलं नाहीये, आणि सगळी माणसं पुढची तीस वर्षं त्या मोकळ्या जागेत भांडतायत.

आता मुख्य काम, आणि याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. वहीचं एक पान घ्या, डावीकडे माणसाचं किंवा प्रदेशाचं नाव, मग दोन रकाने, दोन्हीत वर्ष आणि त्या वर्षीचं मत. एका माणसाचं एकच मत लिहून थांबायचं नाही, दुसरं शोधायचंच.

जॉन कॅल्हूनपासून सुरुवात करा. १८१६ मध्ये हा दक्षिण कॅरोलायनाचा तरुण खासदार संरक्षक जकातीच्या बाजूने बोलतोय, कारण १८१२ चं इंग्लंडशी युद्ध नुकतंच संपलंय, देश स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे असं त्याला वाटतंय, सुती आणि लोकरी कापडावर साधारण २५ टक्के जकात त्याच कायद्याने बसली. दुसऱ्या रकान्यात १८२८ लिहा. तोच कॅल्हून आता देशाचा उपाध्यक्ष आहे आणि स्वतःचं नाव न घालता दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळासाठी एक निवेदन लिहून देतोय की संरक्षक जकात घटनाबाह्य आहे आणि राज्याला तिच्या आड यायचा हक्क आहे.

त्याच्या खाली डॅनियल वेबस्टर, न्यू इंग्लंडचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससकट ईशान्येकडच्या राज्यांचा माणूस. १८१४ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या विरोधात बोलताना हाच माणूस म्हणत होता की राज्य सरकारांनी आपले नागरिक आणि केंद्राची मनमानी यांच्या मध्ये उभं राहणं हे त्यांचं कर्तव्य ठरेल. १८२४ मध्ये त्याने वाढीव जकातीच्या विरोधात मत दिलं कारण तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा पैसा जहाजांत आणि परदेशी व्यापारात होता. १८२८ मध्ये त्यानेच जकातीच्या बाजूने मत दिलं, कारण तोवर तो पैसा लोवेलसारख्या ठिकाणच्या कापड गिरण्यांत गेला होता. आणि जानेवारी १८३० मध्ये सिनेटमध्ये रॉबर्ट हेन या दक्षिण कॅरोलायनाच्या सिनेटरला उत्तर देताना तो अखंड संघराज्याचा सगळ्यात मोठा आवाज झाला. त्या भाषणाचा शेवट, स्वातंत्र्य आणि संघराज्य आता आणि कायम एकच आणि अविभाज्य, हा पुढे अमेरिकन मुलं शाळेत पाठ करायची. वाद सुरू कशावरून झाला होता माहितीये का, पश्चिमेतल्या सरकारी जमिनींच्या विक्रीवरून! जकात आणि राज्यांचे हक्क नंतर त्यात ओढले गेले.

आता थॉमस जेफरसन. १७९८ मध्ये जॉन ॲडम्सच्या सरकारने सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केला, तेव्हा जेफरसनने केंटकी राज्यासाठी ठरावांचा मसुदा लिहिला, मॅडिसनने व्हर्जिनियासाठी लिहिला, आणि केंटकीच्या १७९९ च्या ठरावात नलिफिकेशन, म्हणजे राज्याने केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवणं, हा शब्द छापून आला. जेफरसन तेव्हा स्वतः उपाध्यक्ष होता आणि त्याने नाव लपवलं होतं. कॅल्हूनशी ताडून बघा, दोघंही पदावरचे उपाध्यक्ष, दोघंही निनावी, आणि दोन्ही वेळा वरती अध्यक्ष ॲडम्सच, १७९८ ला बाप जॉन आणि १८२८ ला मुलगा जॉन क्विन्सी. माझ्या भाच्याला हे सापडलं तेव्हा तो खुर्चीतून उठला होता. आणि जेफरसनचा दुसरा रकाना म्हणजे १८०७, स्वतः अध्यक्ष असताना त्याने सगळा परदेशी व्यापार बंद करणारा एम्बार्गो कायदा आणला आणि केंद्राची ताकद वापरून तो राबवला, न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली. त्या रागातून पुढे १८१४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडच्या राज्यांचे प्रतिनिधी हार्टफर्डला जमले आणि राज्यांच्या हक्कांची भाषा बोलले. म्हणजे उत्तरसुद्धा ती भाषा बोलली होती, कॅल्हूनच्या निवेदनाच्या चौदा वर्षं आधी.

अँड्र्यू जॅक्सनलाही सोडू नका, १८३२ च्या पेचाच्या वेळी अध्यक्ष हाच होता. टेनेसीचा सिनेटर असताना १८२४ च्या जकातीला याने होकार दिला होता. आणि १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांच्या बाबतीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल जुमानला नाही तेव्हा हा गप्प बसला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण कॅरोलायनाने केंद्राचा कायदा जुमानला नाही तेव्हा याने सैन्याची तयारी केली. मला याच्याबद्दल कितीही आदराने लिहिलेलं काही वाचलं तरी ही ओळ आठवते.

पान भरलं की बाजूला ठेवा आणि हिशेबाकडे या. १८२८ चा कायदा, ज्याला दक्षिणेने घृणास्पद जकात असं नाव दिलं. प्रतिनिधिगृहात १०५ विरुद्ध ९४ मतांनी पास झाला. यात कच्ची लोकर, ताग, लोखंड, काकवी अशा मालावरच जबर जकात ठेवली होती जी न्यू इंग्लंडच्या गिरणीवाल्यांना आणि जहाजवाल्यांनाही नडणारी होती, आणि दक्षिणेच्या खासदारांनी तिच्यात सुधारणा होऊ दिल्या नाहीत, हेतू हा की इतकं कडू औषध न्यू इंग्लंड गिळणार नाही आणि बिल आपोआप पडेल. ते पडलं नाही. न्यू इंग्लंडमधल्या पुरेशा लोकांनी ते गिळलं.

हिशेब असा मांडा. चार्ल्स्टनच्या बाजूचा मळेवाला कापसाच्या १०० गाठी लिव्हरपूलला विकतो. कापसाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तो त्याच्या हातात नाही. आलेल्या पैशातून इंग्लंडचं कापड, अवजारं, लोखंडी सामान येतं, त्यावर बंदरात समजा ४० टक्के जकात. जॉर्ज मॅकडफी हा तिथलाच खासदार, तो लोकांना सांगत फिरायचा की शंभरातल्या चाळीस गाठी जकातीने पळवल्या. आता यातलं खरं किती ते स्वतः शोधा. निर्यातीच्या पैशावरच आयात होते, त्यामुळे आयात महाग केली की निर्यात करणाऱ्याच्या हातातल्या पैशाची किंमत कमी होते, म्हणजे घटनेने निर्यातीवरचा कर बंद केला खरा पण तो मागच्या दाराने आला, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती (नववा विभाग इथे लागतो). पण चाळीस गाठींचा हिशेब चुकलेला आहे, कारण तो महागडा माल एकटा मळेवाला विकत घेत नव्हता, ओहायोचा शेतकरी आणि बोस्टनचा कामगारही घेत होता, जकातीचा बोजा सगळ्यांवर पसरला होता. आणि कापूसवाल्यांच्या हलाखीचं मोठं कारण वेगळंच होतं, १८१८ च्या सुमारास पौंडाला तीसेक सेंट असलेला भाव १८२० च्या दशकाच्या शेवटी दहाच्या आसपास आला, मधे १८१९ ची मंदी होऊन गेली, अलाबामा मिसिसिपीच्या नव्या काळ्या जमिनीत कापूस भरमसाट पिकायला लागला आणि दक्षिण कॅरोलायनाची जमीन पिकवून पिकवून थकली होती. कापसाचा भाव पडला की घरात काय होतं हे विदर्भातल्या मुलांना सांगावं लागत नाही, ती हा भाग पटकन पकडतात. पण भाव पडण्याचा राग कोणावर काढला गेला हे बघायचं.

यानंतर मूळ कागद वाचायचा, २४ नोव्हेंबर १८३२ चा ऑर्डिनन्स ऑफ नलिफिकेशन. तो छोटा आहे, येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्टवर फुकट आहे, आणि जॅक्सनची घोषणाही तिथेच आहे. पुस्तकात "दक्षिण कॅरोलायनाने जकात रद्द ठरवली" एवढंच असतं, पण कशी ठरवली ते कागदातच कळतं. विधिमंडळाने साधा ठराव केला असं झालेलं नाही. कॅल्हूनचं म्हणणं होतं की घटनेला मान्यता राज्यातल्या लोकांनी खास अधिवेशन भरवून दिली होती, मग कायदा रद्द ठरवायचा तोही तशाच अधिवेशनाने. म्हणून कोलंबिया शहरात अधिवेशन भरलं आणि १३६ विरुद्ध २६ मतांनी १८२८ आणि १८३२ च्या दोन्ही जकाती १ फेब्रुवारी १८३३ पासून राज्यात लागू नाहीत असं ठरलं. (१८३२ च्या जुलैत काँग्रेसने जकात थोडी उतरवली होती, पण संरक्षक जकातीचं तत्त्व तसंच ठेवलं होतं, त्यामुळे यांचं समाधान झालं नाही.)

वाचताना पेन्सिलीने खुणा करा त्या अशा जागांवर. राज्यातल्या अधिकाऱ्यांनी या ऑर्डिनन्सशी निष्ठेची शपथ घ्यायची. या विषयावर खटला झाला तर ज्युरीनेही तीच शपथ घ्यायची. आणि अशा खटल्याचं अपील अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नेता येणार नाही. म्हणजे व्यापारी माल आणणार, जकात भरणार नाही, कस्टम्सवाले माल अडकवणार, व्यापारी राज्याच्या कोर्टात जाऊन माल परत मागणार, ज्युरी आधीच शपथेने बांधलेली, निकाल काय लागणार ते उघड, आणि वर दाद मागायची वाट बंद. एक गोळी न झाडता कायदा बंद पाडायची ही यंत्रणा आहे, आणि फार विचार करून बनवलेली आहे. शेवटी धमकी, केंद्राने बळजबरी केली तर आम्ही संघराज्यातून बाहेर. ज्युरीची शपथ वाचल्यावर मी मुलांना थांबवून विचारते की त्या २६ जणांचं आणि त्यांच्या मागच्या लोकांचं काय? जोएल पॉइन्सेट, जेम्स पेटिग्रू असे संघराज्याच्या बाजूचे लोक त्याच राज्यात होते, मोठ्या संख्येने होते. केंद्र आपल्यावर बहुमताची जुलूमशाही करतंय अशी तक्रार करणाऱ्या राज्याने आपल्याच अल्पमतवाल्यांना काय दिलं, तर शपथ घ्या नाहीतर पद सोडा.

पुढचे चार महिने तारखावार लिहून काढा, इथे पटापट जायचं. १० डिसेंबरला जॅक्सनची घोषणा, मसुदा परराष्ट्रमंत्री एडवर्ड लिव्हिंगस्टनचा, शस्त्राच्या जोरावर फुटून निघणं हा देशद्रोह आहे असं स्पष्ट सांगणारी. चार्ल्स्टन बंदरातल्या किल्ल्यांवर कुमक, जनरल विनफिल्ड स्कॉट तिथे. राज्याने स्वयंसेवकांची भरती सुरू केली. २८ डिसेंबरला कॅल्हूनने उपाध्यक्षपद सोडलं आणि हेन गव्हर्नर झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेवर गेला. जानेवारीत जॅक्सनने फोर्स बिल मागितलं, म्हणजे जकात वसुलीला सैन्य वापरायची परवानगी, सिनेटमध्ये विरोधात मत फक्त एक, जॉन टायलरचं. पण त्याच वेळी केंटकीचा सिनेटर हेन्री क्ले याने कॅल्हूनशी बोलून तडजोडीची जकात आणली, २० टक्क्यांच्या वर जे काही आहे ते १८४२ पर्यंत टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर आणायचं. दोन्ही बिलांवर २ मार्च १८३३ या एकाच दिवशी सह्या झाल्या. दक्षिण कॅरोलायनाच्या साथीला दुसरं एकही राज्य आलं नाही, जॉर्जिया नाही अलाबामा नाही, आणि ऐंशी पार केलेला मॅडिसन घरी बसून लिहीत होता की १७९८ मध्ये आम्ही एकट्या राज्याला असा हक्क दिलाच नव्हता. अधिवेशन परत बसलं, १५ मार्चला ऑर्डिनन्स मागे घेतला, आणि तीन दिवसांनी फोर्स बिल रद्दबातल ठरवलं, जे आता कोणी वापरणारच नव्हतं.

जिंकलं कोण असा प्रश्न परीक्षेत येतो. माझं मत असं की दोघांनीही आपापल्या लोकांना आपण जिंकलो असं सांगितलं आणि दोघांकडेही दाखवायला कागद होता, पण धमकी दिली की काहीतरी पदरात पडतं हे दक्षिण कॅरोलायना यातून शिकली, आणि ते मला जकातीच्या टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता सगळ्यात जड भाग, आणि हा सोडून कृपया उत्तर लिहू नका. बाकीच्या कापूस पिकवणाऱ्या राज्यांनाही जकात नडत होती, मग एकटी दक्षिण कॅरोलायनाच इतकी का पेटली? १८३० मध्ये तिच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. १८२२ मध्ये चार्ल्स्टनला डेन्मार्क व्हेसी या स्वतःची सुटका विकत घेतलेल्या काळ्या सुताराला आणि त्याच्याबरोबर तीसपेक्षा जास्त जणांना उठावाचा कट केला म्हणून फाशी दिलं गेलं. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला. मळेवाल्यांच्या डोक्यात गणित असं होतं की केंद्राला घटनेचा अर्थ ताणून जकात बसवता येते तर उद्या तोच अर्थ ताणून गुलामगिरीलाही हात घालता येईल. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, कॅल्हूनने स्वतः सप्टेंबर १८३० मध्ये एका मित्राला पत्रात लिहिलंय की जकात हे निमित्त आहे, खरं कारण नाही, खरं कारण दक्षिणेची ती खास घरगुती व्यवस्था, म्हणजे गुलामगिरी, आहे. आणि समोरच्या बाजूने जॅक्सननेही मे १८३३ च्या पत्रात लिहिलं की जकात हा बहाणा होता, पुढचा बहाणा गुलामगिरीचा प्रश्न असेल. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं एका मुद्द्यावर सारखं बोलतायत तेव्हा ती पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचायची.

यावरून एक जाळं मात्र टाळा. इंटरनेटवर हमखास कोणीतरी सांगतं की यादवी युद्ध जकातीवरून झालं. वर्षं तपासा. १८४२ मध्ये जकात परत वाढली हे खरं, पण १८४६ आणि १८५७ मध्ये ती उतरवली गेली, १८६० मध्ये ती खालीच होती. मोठी वाढ करणाऱ्या मॉरिल जकातीवर सही झाली २ मार्च १८६१ ला, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली होती. आणि दक्षिण कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये बाहेर पडण्याची कारणं स्वतः लिहून जाहीर केली, तो कागदही ॲव्हलॉनवर आहे, त्यात जकात शोधून बघा, सापडणार नाही. पानोपानी आहे ते पळून गेलेले गुलाम उत्तरेची राज्यं परत करत नाहीत हे.

आणि इथे तुमच्या त्या दोन रकान्यांच्या पानावर शेवटची ओळ भरा, विस्कॉन्सिन. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडून द्यायची सक्ती केंद्राने सगळ्या राज्यांवर केली, दक्षिणेच्या मागणीवरून. १८५४ मध्ये मिलवॉकीत जोशुआ ग्लोव्हर नावाच्या माणसाला या कायद्याखाली कोठडीत टाकलं, लोकांनी दार फोडून त्याला सोडवलं, शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, आणि विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने केंद्राचा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने जो ठराव केला त्यातली भाषा उचलली होती जेफरसनच्या केंटकी ठरावांतून, आणि तेव्हा केंद्राचा कायदा राज्याने पाळलाच पाहिजे असं ओरडून सांगणारी दक्षिण होती.